मीटर कुणाचा?

१९०३ सालच्या मार्चमध्ये पिएर क्यूरी आणि त्यांचे सहकारी अल्बेर लाबोर्द यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक छोटं टिपण ठेवलं. रेडियमचा क्षार भोवतालच्या हवेपेक्षा गरम असतो, एवढंच त्यात म्हटलं होतं. आज गरम असतो, उद्या गरम असतो, महिन्याभराने बघितलं तरी गरमच. त्याला कुणी तापवत नाही. तो जळत नाही. त्याचं वजन घटताना दिसत नाही. दोघांनी मोजमाप केलं तेव्हा एक ग्रॅम रेडियममधून तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता बाहेर पडते असं निघालं. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी पुरतात. म्हणजे रेडियम दर तासाला स्वतःच्या वजनाहून जास्त बर्फ वितळवू शकतं, आणि हे काम ते रात्रंदिवस करत राहतं.

या दाव्याचं रूप नीट पाहा. पदार्थ दुर्मीळ, मूठभर लोकांच्या हातात. ऊर्जा फुकटची, संपायचं नाव न घेणारी. ती येते कुठून हे सांगता येत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तोवर अर्धशतक जुना झाला होता आणि सगळं भौतिकशास्त्र त्याच्यावर उभं होतं. लॉर्ड केल्विन यांच्यासारख्या ज्येष्ठाला वाटलं की रेडियम ही ऊर्जा बाहेरून, सगळीकडे भरलेल्या मानल्या जाणाऱ्या ईथरमधून शोषत असावं. पुढे खोट्या निघालेल्या कितीतरी ‘क्रांतिकारी’ ऊर्जा अगदी याच थाटात जगासमोर आल्या आहेत. रेडियम मात्र खरं निघालं. पहिल्या भेटीत खरं आणि खोटं इतकं सारखं दिसत असेल, तर ते वेगळं होतं कधी आणि कशाने?

आधी त्या नियमाकडेच वळू. आपोआप फिरणाऱ्या चाकाचं स्वप्न फार जुनं आहे आणि त्यातलं एक चाक आपल्या भास्कराचार्यांचं आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, तेच हे भास्कराचार्य. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी एका स्वयंवह यंत्राचं वर्णन केलं आहे. चाकाचे आरे पोकळ, पाऱ्याने अर्धे भरलेले. चाक फिरलं की एका बाजूचा पारा परिघाकडे धावतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे सरकतो. परिघाकडे गेलेला पारा जास्त जोर लावणार, म्हणून चाक त्या बाजूला कलणार आणि फिरतच राहणार. वाचताना हे इतकं पटतं की चूक शोधायला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. चूक अशी की, पारा लांब गेलेले आरे एका वेळी कमी असतात आणि पारा आसाजवळ आलेले आरे जास्त. अंतराने जे मिळतं ते संख्येने जातं. दोन्ही बाजू तुल्यबळ होतात आणि चाक थांबतं. अशा यंत्रांचे प्रस्ताव पुढे इतके आले की पॅरिसच्या अकादमीने १७७५ मध्ये ते तपासायलाही घ्यायचे नाहीत असं ठरवून टाकलं.

हे चाक का फिरत नाही, याचं सर्वांत खोल उत्तर एमी नोएथर या गणितज्ञ बाईंनी १९१८ मध्ये दिलं. निसर्गाचे नियम काल होते तेच आज असतील आणि उद्याही तेच राहणार असतील, तर ऊर्जा अक्षय्य असायलाच हवी, असं त्यांच्या सिद्धांतातून निघतं. याचा अर्थ समजून घ्यायला घाटघरला जाऊ. सह्याद्रीच्या कड्यावर तिथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी पंपाने वर चढवतात, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. चढवायला लागलेली सगळी वीज परत मिळत नाही, थोडी वाटेत जातेच. आता समजा, रात्री गुरुत्वाकर्षण जरा ढिलं पडत असतं. मग पाणी रात्री स्वस्तात चढलं असतं, दिवसा पूर्ण जोराने पडलं असतं आणि घाटघर इंधनाशिवाय कायम नफ्यात चाललं असतं. तसं होत नाही, कारण गुरुत्वाकर्षण घड्याळ पाहून बदलत नाही. फुकटच्या चाकाचा दावा करणारा माणूस नकळत म्हणत असतो की ते बदलतं.

नियम एवढा भक्कम आहे म्हणून प्रत्येक नव्या दाव्याला लगेच ‘अशक्य’ म्हणायचं का? तसं केलं असतं तर रेडियमही केराच्या टोपलीत गेलं असतं. नियम एवढंच सांगतो की जमाखर्च जुळला पाहिजे. जमेची बाजू जास्त दिसत असेल, तर कुठेतरी न दिसलेला स्रोत आहे. तो अणूच्या गाभ्यात असेल किंवा भिंतीपलीकडे असेल.

भिंतीपलीकडचा स्रोत ही अलंकारिक गोष्ट नाही. १८१२ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाने आपोआप चालणारं यंत्र मांडलं आणि बघायला पैसे आकारले. हे यंत्र शेजारच्या दुसऱ्या यंत्राला दात्यांच्या चाकांनी फिरवतं, असं तो सांगायचा. पाहणीला आलेल्या मंडळींना त्याने जवळ जाऊ दिलं नाही, खिडकीतूनच दाखवलं. पण त्यांच्यातल्या एकाबरोबर आलेल्या मुलाचं लक्ष दात्यांकडे गेलं. दाते झिजले होते, पण चुकीच्या बाजूने. जे यंत्र ढकलतं असं सांगितलं जात होतं, त्यालाच दुसरं यंत्र ढकलत होतं. तिथून रेडहेफर न्यूयॉर्कला गेला. १८१३ मध्ये तिथे ते यंत्र पाहायला रॉबर्ट फुल्टन आले, आगबोटी यशस्वी करून दाखवणारे फुल्टन. त्यांनी आवाज ऐकला. तो एकसारखा नव्हता, प्रत्येक फेऱ्यात किंचित वाढत आणि मंदावत होता. हाताने दांडा फिरवला की असंच होतं. त्यांनी भिंतीजवळच्या फळ्या काढल्या. आत तातीचा पट्टा निघाला. तो पट्टा भिंतीतून माळ्यावर गेला होता आणि माळ्यावर एक दाढीवाला म्हातारा एका हाताने पाव खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवत बसला होता.

त्या मुलाने किंवा फुल्टन यांनी इथे कुठलाही सिद्धांत मांडला नाही. यंत्र जे काम करतं त्याच्या खुणा यंत्रावर उमटतात, आणि दाव्याशी त्या जुळतात का, एवढंच पाहिलं. झिजलेले दाते आणि हेलकावणारा आवाज यांना रेडहेफरशी काही देणंघेणं नव्हतं.

आता रेडियमकडे याच नजरेने पाहा. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे फ्रिडरिश गिझेल हे रसायनतज्ज्ञ रेडियम ब्रोमाइड तयार करून विकत असत. ज्याला शंका होती त्याला ते विकत घेता येत होतं. क्यूरी आणि लाबोर्द यांचा चेहराही न पाहता, त्यांच्या प्रयोगशाळेची पायरीही न चढता उष्णता मोजता येत होती. लंडनमध्ये रॅम्से आणि सॉडी या शास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये गिझेल यांचाच क्षार वापरला आणि रेडियममधून हेलियम वायू निघताना पाहिला. एक मूलद्रव्य नाहीसं होत होतं आणि दुसरं जन्माला येत होतं. माँट्रियलला रदरफर्ड आणि बार्न्स यांनी त्याहून सुंदर प्रयोग केला. रेडियममधून एक किरणोत्सारी वायू सतत बाहेर पडतो, ज्याला आज आपण रेडॉन म्हणतो. त्यांनी तो वायू रेडियमपासून वेगळा केला. उष्णतेचा मोठा भाग वायूबरोबर निघून गेला. वेगळ्या नळीत ठेवलेला वायू तापत होता, मागे उरलेलं रेडियम थंडावलं होतं. पुढच्या दिवसांत वायूची उष्णता साधारण दर चार दिवसांनी निम्मी होत गेली आणि तेवढ्याच हिशेबाने रेडियम पुन्हा तापत गेलं. वायूची किरणोत्सारिता ज्या वेगाने कमी होते, तोच हा वेग. जमाखर्च पैशापर्यंत जुळला होता. पहिल्या टिपणाला वर्ष उलटण्याच्या सुमारास अणूच्या पोटात कोळशाच्या काही लाख पट ऊर्जा साठलेली आहे हे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

खऱ्या गोष्टीचं हे लक्षण फार विलक्षण आहे. ती शोधणाऱ्याच्या हातातून सुटते. परक्या देशात, परक्या उपकरणावर, वैर करायला बसलेल्या माणसाच्या खोलीतही ती तशीच वागते. शिवाय ती एकटी येत नाही. उष्णतेबरोबर हेलियम येतो, वायू येतो, चार दिवसांचं वेळापत्रक येतं.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमान आणि स्टॅनली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली, तेव्हा जगाला पुन्हा रेडियमचा क्षण आल्यासारखं वाटलं. जड पाण्याने भरलेलं काचेचं भांडं, त्यात पॅलेडियमचा एक आणि प्लॅटिनमचा एक इलेक्ट्रोड, आणि बॅटरीसारखा साधा वीजप्रवाह. सूर्याच्या पोटात कोट्यवधी अंशांवर चालणारं अणूंचं मीलन टेबलावरच्या या भांड्यात होतं, असं ते म्हणाले. फ्लाइशमान हे विद्युत-रसायनशास्त्रातलं जगभर मानलेलं नाव, रॉयल सोसायटीचे फेलो. कल्पनाही वेडगळ नव्हती. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन पोटात घेतो. जड पाण्यातला हायड्रोजन म्हणजे ड्यूटेरियम. ते इतकं दाटीवाटीने कोंबलं तर अणू एकमेकांत मिसळणार नाहीत कशावरून?

आठवड्याभरात जगभरच्या प्रयोगशाळा भांडी मांडून बसल्या. पेटंटच्या भीतीने तपशील पूर्ण सांगितले नव्हते, म्हणून लोक वर्तमानपत्रातल्या फोटोंवरून आणि टीव्हीवरच्या चित्रफितीवरून भांड्याची मापं काढत होते. जॉर्जिया टेक या संस्थेने न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच मागे घेतलं. त्यांचा न्यूट्रॉन मोजणारा यंत्रभाग उष्णतेनेच आकडे दाखवत होता. कॅलटेकमध्ये नेथन लुईस यांच्या गटाने उष्णतेचा हिशेब मुळापासून तपासला. भांड्यातलं द्रावण नीट ढवळलं नाही तर एका ठिकाणी जास्त तापमान दिसतं, दुसरीकडे कमी. शिवाय विजेने पाण्याचं विघटन होऊन जे वायू बुडबुड्यांतून निघतात, ते थोडी ऊर्जा बरोबर नेतात. ते वायू बाहेर गेले असं धरून हिशेब केला, आणि प्रत्यक्षात ते भांड्यातच पुन्हा एकत्र येऊन पाणी झाले, तर जादा उष्णता कागदावर आपोआप जन्माला येते. जड पाण्याऐवजी साधं पाणी घालून तोच प्रयोग केला का, या प्रश्नालाही समाधानकारक उत्तर मिळत नव्हतं.

पण सर्वांत कठीण प्रश्न खुणांचा होता. ड्यूटेरियमचे दोन अणू जुळले की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच आणखी जड प्रकार, तयार होतं. अशा मीलनातून केवळ एक वॉट उष्णता निघत असेल, तर सेकंदाला जवळपास एक लाख कोटी न्यूट्रॉन उधळले जायला हवेत. आडोसा न घेता त्या भांड्याजवळ तासभर उभा राहिलेला माणूस वाचला नसता. फ्लाइशमान आणि पॉन्स धडधाकट होते, आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या मते दाव्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा तोच होता.

हा वाद ट्रॉम्बेलाही पोचला. आपल्या अणुभट्ट्या मुख्यतः जड पाण्यावर चालतात, त्यामुळे जड पाणी आणि ट्रिटियम यांची जाण भाभा अणुसंशोधन केंद्रात भरपूर होती. संचालक होते पी. के. अय्यंगार. केंद्रातल्या अनेक गटांनी प्रयोग केले आणि अय्यंगार व एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल १९८९ च्या डिसेंबरमध्ये निघाला. त्यांना न्यूट्रॉन दिसले, ट्रिटियमही दिसलं. पण प्रमाण चक्रावून टाकणारं होतं. ज्ञात भौतिकशास्त्राप्रमाणे दोन्ही जवळपास सारखे हवेत. इथे एका न्यूट्रॉनमागे ट्रिटियमचे सुमारे एक कोटी अणू येत होते. एका वाचनाप्रमाणे हे धातूच्या आत चालणारं नवं भौतिकशास्त्र होतं. दुसऱ्या वाचनाप्रमाणे ट्रिटियम कुठून तरी बाहेरून शिरलं होतं किंवा मोजणीत काही निसटलं होतं. पुढे हे काम थांबलं. अय्यंगार मात्र या विषयाच्या संशोधनाची बाजू मांडत राहिले.

ट्रॉम्बेच्या त्या मंडळींना भामटे म्हणणं अन्याय ठरेल, आणि त्यांनी नवी ऊर्जा शोधली असं म्हणणंही चूक ठरेल. ‘अस्सल की बनावट’ असा सवाल टाकला की मधली ही मोठी जागा नजरेआड होते. तिथे प्रामाणिक, हुशार, कष्टाळू माणसं असतात आणि त्यांची मोजमापं त्यांना चकवत असतात. रेडहेफरच्या माळ्यावर माणूस होता. इथे माळा रिकामा होता, तरी चाक फिरल्याचा भास होत होता.

मोजमाप किती सहज चकवतं, याचा नमुना २०११ मध्ये इटलीत बोलोन्या इथे पाहायला मिळाला. आंद्रेआ रोस्सी यांनी निकेल आणि हायड्रोजन भरलेलं एक यंत्र दाखवलं. त्यातून पाणी आत जायचं, वाफ बाहेर यायची, आणि वाफेवरून काढलेली ऊर्जा विजेच्या कित्येक पट भरायची. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ८० कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. नळीतून बाहेर येणारं सगळं पाणी कोरडी वाफ झालं असं धरलं तर ६२० कॅलरी जमा होतात. ते बहुतेक उकळतं पाणीच असेल आणि वाफेचा फक्त पदर असेल, तर ८० च्या थोड्या वर. थर्मामीटर दोन्ही वेळा १०० अंशच दाखवणार. म्हणजे बाकी काही न बदलता एका गृहीतकावर उत्तर जवळपास आठ पटींनी फुगू शकतं. वाफ कोरडी आहे हे दाखवायला हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण वापरलं होतं. वाफेबरोबर वाहणाऱ्या पाण्याच्या थेंबांचं माप त्यातून मिळत नाही, यावर टीकाकारांनी बोट ठेवलं. पुढे एका अमेरिकी कंपनीने या यंत्रात लाखो डॉलर घातले, प्रकरण फ्लोरिडातल्या कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये तडजोडीने मिटलं. यंत्र चालतं की नाही, हे कोर्टाने ठरवलंच नाही. रोस्सींच्या देखरेखीबाहेर, पूर्णपणे परक्या हातात त्याची खात्री पटवणारी चाचणी कधी झाली नाही.

पाण्यावर चालणाऱ्या गाडीची बातमी तुमच्या फोनवरही केव्हातरी आली असेल. तिचा निकाल लावायला तर उपकरणही लागत नाही. हायड्रोजन जळला की पाणी होतं. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख आहे, आणि चुलीतली राख पुन्हा पेटवून भाकरी भाजता येत नाही. पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, पण काढायला लागणारी ऊर्जा तो जळताना मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी कधीच नसते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्टॅनली मायर यांनी अशाच यंत्राच्या नावावर गुंतवणूकदारांचे पैसे घेतले. १९९६ मध्ये तिथल्या कोर्टाने तज्ज्ञांकडून यंत्र तपासून घेतलं, त्यात नेहमीच्या विघटनापलीकडे काही आढळलं नाही, आणि फसवणूक झाल्याचा निर्णय देऊन पैसे परत करायला सांगितलं.

खऱ्या यशाचे आकडेही नीट वाचावे लागतात. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर-झोत मिरीएवढी गोळी असलेल्या लक्ष्यावर एकवटले. आत २.०५ मेगाज्यूल गेले, मीलनातून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले. घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळाल्याची बातमी जगभर झाली आणि ती खरी होती. आता आपल्या वीजबिलातलं युनिट घ्या. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे त्या ऐतिहासिक स्फोटातून एक युनिटही पूर्ण मिळालं नव्हतं. लेझर चालवायला भिंतीतल्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० हून जास्त युनिटं खर्ची पडली होती. हिशेबाची रेघ गोळीभोवती ओढली तर नफा, इमारतीभोवती ओढली तर मोठा तोटा. प्रयोगशाळेने दोन्ही आकडे उघडपणे सांगितले, म्हणूनच हा दावा वजनदार ठरतो. फसवा दावा रेघ कुठे आहे ते कधी सांगत नाही.

युटातल्या त्या टेबलावरच्या मीलनाचं, ज्याला शीत मीलन म्हणतात, पुढे काय झालं? गूगलच्या पैशाने सुमारे तीस संशोधकांनी काही वर्षं, खुल्या मनाने, जुने प्रयोग उत्तम उपकरणांवर पुन्हा केले. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिलं की जादा उष्णतेचा पुरावा मिळाला नाही. मात्र पॅलेडियममध्ये हायड्रोजन ठासून भरण्याच्या आणि सूक्ष्म उष्णता मोजण्याच्या नव्या पद्धती हाती लागल्या. त्याच प्रवाहातल्या व्हँकुव्हरच्या गटाने २०२५ मध्ये एक छोटा निष्कर्ष मांडला. पॅलेडियमवर ड्यूटेरियमचे वेगवान कण मारत असताना मागच्या बाजूने विजेच्या रसायनाने त्याच धातूत आणखी ड्यूटेरियम भरलं, तर मीलनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढतो. यातून दिवाही पेटणार नाही, कारण ऊर्जा मिळते त्याहून कितीतरी जास्त खर्च होते, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी उष्णतेवर भरवसा ठेवला नाही, न्यूट्रॉन मोजले. १९८९ मध्ये ज्या खुणा गायब होत्या, त्याच खुणांवर हा दावा उभा आहे, आणि तसा प्रयोग मांडून कुणालाही तो पडताळता येईल.

पुढचा दावा कदाचित याच वर्षी येईल. तो चमत्कारिक आहे म्हणून झिडकारू नका, निसर्ग आपल्यापेक्षा जास्त चमत्कारिक आहे. पण गुंतवणुकीचा फॉर्म भरण्याआधी विचारा की यंत्र पूर्णपणे परक्याच्या खोलीत, परक्याच्या मीटरवर चाललं का, ऊर्जेबरोबर आणखी कुठल्या खुणा मिळाल्या आणि हिशेबाची रेघ कुठून कुठवर ओढली आहे. ज्याच्याकडे खरी गोष्ट आहे, तो ही उत्तरं तुम्ही विचारण्याआधीच छापून मोकळा झालेला असतो, कारण त्याला स्वतःलाच ती सर्वांत आधी हवी असतात.